डिसेंबरातली कवटी

टेक्ससमधल्या एका शहरात राहणाऱ्या वाचक ताईंचं पत्र आलं आहे. तिथल्या रविवारच्या मराठी शाळेत त्या शिकवतात. नाताळच्या सुट्टीत सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी तीन दिवसांचं हस्तकला शिबिर घ्यायचं त्यांनी ठरवलंय. काही मुलं मराठी शाळेतली, काही शेजारपाजारची. वस्तीत मेक्सिकन मुळांची बरीच कुटुंबं आहेत, म्हणून विषय निवडला मेक्सिकोची लोककला. तीन दिवसांत पाच वस्तू करायच्या: साखरेच्या कवटीसारखे रंगीत मुखवटे, आइस्क्रीमच्या काड्यांवर लोकर गुंडाळून केलेला 'देवाचा डोळा', कागदाच्या नक्षीदार पताका, पिन्याता (आत खाऊ भरून काठीनं फोडायची कागदी वस्तू), आणि झाडाला टांगायच्या पत्र्याच्या वस्तू. मुलीच्या मैत्रिणीची आई मेक्सिकोतून आलेली आहे. तिनं शिबिराचा कागद वाचला, "कवटी? डिसेंबरमध्ये?" एवढंच म्हणाली आणि हसली. मग 'देवाचा डोळा' या शब्दांवर बोट ठेवून काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. त्या दिवसापासून ताईंना झोप नाही. यजमान म्हणतात, रद्द कर आणि कागदाच्या चांदण्या शिकव. मैत्रीण म्हणते, सगळे हेच करतात, तू कशाला मनाला लावून घेतेस? ताई विचारतात, "दुसऱ्याच्या परंपरेतली कला शिकवायचा मला अधिकार आहे का? नसेल तर शिबिर रद्द करू का?"

ताई,

शिबिर रद्द करू नका. हे आधी सांगते, म्हणजे आज तरी झोप लागेल. फक्त पाचातल्या दोन वस्तू काढून टाका. त्यांच्या जागी काय घ्यायचं तेही सांगते.

त्या आईनं आक्षेप घेतला असं तुम्ही धरून चालला आहात. मला पत्रात आक्षेप दिसला नाही. समजा, तुमच्या मुलीच्या शाळेत कुणी हौसेनं भारतीय सणांचा कार्यक्रम केला आणि दिवाळीच्या पणत्यांशेजारी गुढी उभी केली. तुमच्याही तोंडून आधी हेच निघेल ना, "गुढी? दिवाळीत?" त्यात राग नसतो. कुणाला तरी गुढी माहीत आहे याचा आनंदच असतो, आणि एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं एवढंच वाटतं. तुमच्या शेजारणीचं हसणं मला तसंच वाटलं.

आणि तिचं बरोबर आहे. साखरेची कवटी १ आणि २ नोव्हेंबरची, मृतांच्या दिवसांची. त्या दिवसांत मेक्सिकोत घरात ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीची आरास, मांडतात. त्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, मेणबत्त्या, धूप असतो, आणि साखरेच्या कवटीच्या कपाळावर नाव लिहिलेलं असतं. सगळीकडे सेम्पासुचिलची फुलं असतात. सेम्पासुचिल म्हणजे आपला झेंडूच. तो मुळात मेक्सिकोचा. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो फार नंतर आला. हे मुलांना जरूर सांगा, पण नोव्हेंबरात. पुढच्या वर्षी त्या दोन दिवसांच्या सुमारास झेंडूवर एक वेगळा वर्ग घ्या, मुलांना तो आवडेल. डिसेंबरातून कवटी काढा. 'मेक्सिको म्हटलं की कवटी' हे समीकरण बाजारानं पक्कं केलंय. मेक्सिकोच्या डिसेंबरात करायला इतकं काही आहे की नोव्हेंबरचं उसनं आणायची गरज नाही.

'देवाच्या डोळ्या'चं कारण वेगळं आहे आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. पश्चिम मेक्सिकोत सिएरा माद्रे डोंगरांत, हालिस्को आणि नायारित राज्यांच्या बाजूला, विरारिका लोक राहतात. बाहेरचे त्यांना हुइचोल म्हणतात. ही वस्तू त्यांची. ते तिला त्सिकुरी म्हणतात. मूल जन्मलं की मधला डोळा विणायचा, मग दरवर्षी एकेक वाढवत पाच वर्षांपर्यंत न्यायचं, अशी रीत सांगतात. म्हणजे एका विशिष्ट मुलासाठी मागितलेलं ते संरक्षण आहे. त्याची सजावट झाली बाहेरच्या शिबिरांमध्ये. नाताळशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्याकडची वारली आठवा. डहाणू-तलासरीकडच्या घरांत लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत आल्या, मध्ये पालघाट देवीला बसवत आल्या. चौक लिहिल्याशिवाय लग्न पुढं सरकत नसे. मग जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतानं वारली चित्र कागदावर आणि जगापुढं नेलं. तो निर्णय त्या समाजातल्या माणसाचा होता. पण चहाच्या कपावर तारपा नाचणाऱ्या आकृती छापणाऱ्या कितीजणांना चौक माहीत असतो? हे वाचून तुम्हाला जे वाटतंय ना, तसंच काहीतरी शेजारीण बोलता बोलता थांबली असेल. विरारिका कलावंतही मण्यांची आणि लोकरीची चित्रं विकतात. काय विकायचं हे ते स्वतः ठरवतात. आपण काड्यांचा डोळा सोडून देऊ. त्याचं नाव बदलून, 'लोकरीची चांदणी' म्हणून तोच प्रकार करावा असं मनात आलं असेल तर तेही नको. वस्तू घ्यायची आणि नाव पुसायचं, हे मला जास्त वाईट वाटतं.

आता 'अधिकार'. हा शब्द तुम्हाला छळतोय. असा अधिकार देणारं कार्यालय कुठं नाही, आणि तुमची शेजारीणही तो देऊ शकत नाही. साडेबारा कोटींहून जास्त माणसांचा तो देश, ६८ देशी भाषांचा. ती उत्तरेकडच्या मॉन्तेरे शहराची असेल तर दक्षिणेकडच्या वाहाकातला 'मुळ्यांची रात्र' हा उत्सव तिनं कधी पाहिलाही नसेल, जसा नागपूरच्या माणसाला कोकणातला शिमगा परका. तिच्याकडून परवानगीचा शिक्का मागू नका. मनात अडलेलं वाक्य तेवढं ऐका. "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगणार होतात, मला ऐकायचंय," इतकं म्हणा आणि चहा ठेवा. 'आमच्या मुलांना येऊन शिकवा ना' असं पहिल्या भेटीत म्हणू नका. फुकटातल्या शिक्षिकेची अपेक्षा अवघड असते. ती आपणहून आलीच, तर तिला 'मेक्सिकोबद्दल' बोलायला लावू नका. तिच्या आजीच्या घरी डिसेंबरात काय व्हायचं ते मुलांना विचारू द्या.

तुम्ही ज्याला 'त्यांची शुद्ध परंपरा' समजून घाबरताय ती किती प्रवास करून आली आहे पाहा. नक्षीदार पताकांना मेक्सिकोत पापेल पिकादो म्हणतात, म्हणजे कोरलेला कागद. तो पातळ कागद कोणता? त्याला तिथं आजही 'पापेल दे चिना' म्हणतात, चीनचा कागद. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधलं मनिला आणि मेक्सिकोचं अकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं चालत होती. आशियातलं रेशीम, चिनी मातीची भांडी, कागद त्या वाटेनं मेक्सिकोत पोचले. मराठी मुलांना आणखी एक सांगा. स्पॅनिशमध्ये तेलाच्या दिव्याला 'कांदिल' म्हणतात. तो शब्द आणि आपला कंदील, दोन्ही अरबी 'किंदील'वरून आले. माझ्या मते मुलांना हे कळणं पाच वस्तू करण्याहून मोठं आहे.

पाच वस्तूंबद्दल थोडं स्पष्ट बोलते. तीन दिवसांत पाच म्हणजे प्रत्येकीला जेमतेम दीड-दोन तास. एवढ्या वेळात मूल फक्त आधीच कापून ठेवलेले तुकडे चिकटवू शकतं. मी पुण्यात मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायला लागले त्या पहिल्या वर्षी 'आफ्रिकन मुखवटे' केले होते. मुखवटे देखणे झाले, पालक खूश झाले. एका मुलीनं विचारलं, "मावशी, आफ्रिकेत कुठले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न अजून माझ्याबरोबर आहे. तेव्हापासून एक नियम पाळते: गावाचं नाव सांगता येत नाही ती वस्तू मुलांना द्यायची नाही.

पताकांचं गाव सांगता येतं. पुएब्ला राज्यात सान साल्वादोर वीश्कोलोत्ला नावाचं गाव आहे. तिथले कारागीर कात्री वापरत नाहीत. चाळीस-पन्नास कागदांची चळत शिशाच्या पत्र्यावर ठेवतात, वर नक्षीचा कागद, आणि छिन्नी-हातोडीनं कोरतात. एक घाव पन्नास कागदांतून जातो, त्यामुळे चूकही पन्नास ठिकाणी होते. १९९८ मध्ये पुएब्ला राज्यानं या कलेला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मुलांच्या हातात छिन्नी द्यायची नाही, पण ही गोष्ट त्यांना सांगितली की त्यांचे हात आपोआप सावकाश चालतात.

आपण कात्रीनं करू. पतंगी कागद घ्या, साधारण वहीच्या दुप्पट आकाराचा. वरची दोन बोटं पट्टी मोकळी सोडा, ती नंतर सुतळीवर दुमडून चिकटवायची. उभी एक घडी, लहानांना एवढीच पुरे. मोठ्यांना आणखी एक. घडीच्या बाजूनं कापायचं. इथं तुम्हाला एकच गोष्ट समजावून द्यायची आहे आणि तिला वेळ द्या: जे कापतो ते चित्र नसतं, जे उरतं ते चित्र असतं. दोन भोकांमध्ये कागदाचा पूल राहिला पाहिजे, नाहीतर पताका गळून पडते. पहिल्या दोन-तीन गळणारच. रद्दीवर सराव करू द्या. नाताळच्या पताकांवर कवडा, तारा, घंटा असे आकार छान उमटतात. नोचेबुएनाचं फूलही घ्या. नोचेबुएना म्हणजे आपल्या बागांत डिसेंबरात लाल होणारा पॉइन्सेटिया. अमेरिकेत ते नाव पडलं जोएल पॉइन्सेट या १८२५ साली मेक्सिकोत आलेल्या अमेरिकी राजदूतावरून. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेत त्याला क्वेत्लाशोचित्ल म्हणतात. लाल दिसतात त्या पाकळ्या नसून पानं आहेत, मधले पिवळे ठिपके ही खरी फुलं. कुंडीतलं एक रोप आणून मुलांना आधी ते बघू द्या, मग कागद कापू द्या. पहिला सगळा दिवस पताकांना गेला तरी चालेल.

पिन्याता मात्र पहिल्याच सकाळी सुरू करावी लागते, कारण तिला वाळायला वेळ लागतो. प्रत्येकाची वेगळी नको, पाच-सहा मुलांत एक. खळ तुम्हाला माहीत आहेच, कंदिलाला लावतो ती. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, मंद आचेवर घोटायचं. मेक्सिकोत तिला एंग्रुदो म्हणतात. फुगवलेल्या फुग्यावर रद्दीच्या पट्ट्या चिकटवायच्या. एक थर सकाळी, वाळला की दुसरा दुपारी, तिसरा दुसऱ्या दिवशी. मग जाड कागदाचे सात शंकू, शेंगदाण्याच्या पुडीसारखे वळून. वरून पतंगी कागदाच्या झिरमिळ्या, खालून वर लावत जायच्या. वरच्या बाजूला खाऊ घालायला भोक ठेवायला विसरू नका. झिरमिळ्या कातरणं हे सहा वर्षांच्या मुलांचं आवडतं काम असतं, ते त्यांच्यासाठीच राखून ठेवा.

सातच शंकू का? ही ताऱ्याची पिन्याता पोसादांची. पोसादा म्हणजे मुक्कामाची जागा. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री लोक येशूचे आईवडील मरिया आणि योसेफ बनून दारोदार जागा मागत फिरतात, नकार ऐकतात, शेवटच्या घराचं दार उघडतं आणि तिथं खाणंपिणं होतं, पिन्याता फोडतात. मेक्सिको सिटीजवळच्या अकोल्मानमध्ये १५८७ च्या सुमारास ऑगस्टिनियन मठवासींनी याची सुरुवात केली असं मानलं जातं. सात टोकं म्हणजे सात पापं, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे श्रद्धा, काठी म्हणजे पापाशी लढायचं बळ. ही ख्रिस्ती गोष्ट आहे आणि ती तशीच सांगा. हिंदू पालकांना खटकेल म्हणून तिचं 'रंगीत तारा' करून टाकू नका. नव्या गावात घर मिळेना म्हणून दारं वाजवणारी माणसं तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरच्या आठवणींत आहेत. ती मुलं ही गोष्ट वेगळ्या कानांनी ऐकतील.

पूर्वी आत मातीचं मडकं असायचं. हे ऐकलं की कुणीतरी ओरडेलच, "दहीहंडी!" ओरडू द्या. तुम्ही आपणहून 'ही त्यांची दहीहंडी' म्हणू नका, कारण असं म्हटलं की मूल पुढं बघणं थांबवतं. उलट विचारा, काय वेगळं आहे? तिथं थर लावतात का? इथं डोळे का बांधलेत? काठी एकाच मुलाच्या हातात का? मुलांनी काढलेले फरक मी सांगितलेल्यांपेक्षा चांगले असतील.

आत संत्री, उसाचे करवे, शेंगदाणे, तेहोकोते नावाची छोटी पिवळी फळं घालतात. शेंगदाण्यांबाबत पालकांना आधी विचारा, ॲलर्जी असू शकते. आणि तिसऱ्या दिवशी ती फोडा. तीन दिवस राबून केलेली वस्तू फोडताना एखादं मूल रडेल. त्याला घरी न्यायला त्याच्या पताका आहेतच. फोडायची म्हणूनच ती केलेली असते, हे त्याला शांतपणे सांगा.

पत्र्याच्या वस्तू राहू द्या, पण थोडक्यात. वाहाकात आणि इतरत्र पातळ टिनवर हृदय, सूर्य, पक्षी उठावात काढतात; त्या पत्र्याला ओहालाता म्हणतात. मुलांसाठी केक भाजायच्या ॲल्युमिनियमच्या थाळ्या पुरतात. खाली वर्तमानपत्राची जाड घडी, हातात शाई संपलेलं बॉलपेन, आणि मागच्या बाजूनं दाबत रेघ ओढायची. आकार मोठ्यांनी कापावा आणि कडा दुमडून घ्यावी, पत्रा बोट कापतो. पेन दाबून काढलेली रेघ उलट बाजूला उठून दिसते तेव्हा मुलांचे चेहरे बघा.

काढलेल्या दोन वस्तूंच्या जागी मी एकच उत्सव सुचवते. वाहाका शहरात २३ डिसेंबरला नोचे दे राबानोस असते, मुळ्यांची रात्र. १८९७ पासून तिथल्या मुख्य चौकात तिची स्पर्धा भरते. त्यासाठी खास वाढवलेल्या हातभर लांबीच्या लाल मुळ्यांतून येशूजन्माचे देखावे, नर्तकी, प्राणी कोरतात. साल लाल, आतून पांढरा, त्यामुळे रंगाची गरजच नाही. याच स्पर्धेत तोतोमोश्त्लेचा, म्हणजे मक्याच्या कणसाच्या वाळल्या पानांच्या बाहुल्यांचाही विभाग असतो. टेक्ससमध्ये डिसेंबरात तामाले या मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थासाठी ही पानं वाण्याकडे सहज मिळतात. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली की ती कापडासारखी वळतात. दोऱ्यानं डोकं बांधा, हात बांधा, घागरा पसरवा. जे पुण्यात किंवा नाशकात हे वाचत असतील त्यांना ताज्या मक्याची पानं सावलीत वाळवून चालतील. आणि मधुबनी, गोंड चित्रं मुलांना शिकवणाऱ्यांनीही आधी गाव आणि प्रसंग विचारावा.

प्रत्येक वस्तूच्या मागं मुलांकडून देवनागरीत तीन ओळी लिहून घ्या: वस्तूचं नाव, गावाचं नाव, स्वतःचं नाव. 'पापेल पिकादो, वीश्कोलोत्ला, पुएब्ला' लिहिताना जोडाक्षरांचा सराव होतो, तुमच्या मराठी शाळेचा तासही होतो. आणि शिबिराचा कागद नव्यानं छापाल तेव्हा 'मेक्सिकन लोककला' याऐवजी 'मेक्सिकोचा डिसेंबर' असं लिहा.

मुळे शेवटच्या दिवशी सकाळीच आणा, आदल्या दिवशी नकोत. बाजारात मिळतील तेवढे जाड बघून घ्या, लहानांना प्लास्टिकची सुरी, जोडायला दातकोरण्या. कोरलेले मुळे काही तासांत सुकून काळपट पडतात, म्हणून वाहाकातले लोक त्यांच्यावर पाणी शिंपडत असतात. एका मुलाच्या हाती फवाऱ्याची बाटली द्या आणि पालक येईपर्यंत ते काम त्याच्याकडेच ठेवा.